कोपीवरच्या मुलांच्या राहून गेलेल्या लसी: त्या कुठे आणि कशा द्यायच्या?

कोपीवरचा वर्ग (प्रश्न)

नमस्कार. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या परिसरात मी राहते आणि गेली काही वर्षे गळीत हंगामात ऊसतोड कामगारांच्या तळावर, म्हणजे त्यांच्या कोप्यांच्या (तात्पुरत्या झोपड्यांच्या) वस्तीवर, संध्याकाळी मुलांचा वर्ग घेते. मी आरोग्य क्षेत्रातली नाही, पण यंदा ज्या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिलेले नाही तो आरोग्याचाच आहे. म्हणून तो जाणकारांपुढे सविस्तर मांडते.

आमच्या शिवारात ओढ्याकाठी बीड जिल्ह्यातून आलेल्या दोन टोळ्या उतरल्या आहेत. वर्गाला येणाऱ्या एका आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर रोज तिचा दहा महिन्यांचा भाऊ असतो, कारण आईवडील पहाटे तीनला फडावर निघून जातात आणि दिवसभर तो तिच्याच हवाली असतो. मागच्या आठवड्यात त्याला ताप आला होता, म्हणून मी त्याच्या आईकडे लसीचे कार्ड मागितले. तिने कोपीतल्या पत्र्याच्या पेटीतून, लुगड्याच्या घडीखालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले माता-बाल संरक्षण कार्ड काढून दिले. घडीवर ते विरले होते, पण नोंदी स्वच्छ होत्या. जन्मानंतरची बीसीजी, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी, सगळ्या वेळच्या वेळी दिलेल्या. नवव्या महिन्याचा रकाना मात्र कोरा. नववा महिना लागला तेव्हा बाळ इथे फडावर होते. "तिकडं समद्या दिल्या ताई, हितं कुनाला इचारू?" असे ती म्हणाली.

आमच्या गावच्या अंगणवाडीत महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी लसीकरण असते. मी स्वतः त्या बाळाला आणि त्याच्या बहिणीला घेऊन तिथे गेले. तेथे उपस्थित असलेल्यांनी यादी पाहिली, त्यात नाव नाही असे सांगितले आणि ही लस गावाकडे गेल्यावर द्या, असा सल्ला दिला. त्याच तळावर पाच महिन्यांची आणखी एक मुलगी आहे. तिच्या कार्डावर दीड महिन्याच्या लसीनंतर काहीही नाही, कारण त्यानंतर लगेच टोळी निघाली.

माझे प्रश्न असे आहेत. दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलाला इथे लस देता येत नाही, असा खरोखर काही नियम आहे का? त्या मुलीचे डोस चुकले आहेत, तर ते पहिल्यापासून सुरू करावे लागतील का? आणि सत्र सकाळी दहाला असताना आई फडावर असते, तर तिने कसे यावे? गावातली माणसे मला सांगतात की या लोकांना लसीचे महत्त्वच कळत नाही. ते कार्ड ज्या जपणुकीने पेटीत ठेवलेले मी पाहिले, त्यावरून मला हे पटत नाही.

---

उपकेंद्राची वाट

ताई, मी २६ वर्षे आरोग्य सेविका म्हणून काम करून निवृत्त झाले आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. असा कोणताही नियम नाही. शासकीय लसीकरण सत्रात बालकाचे गाव, जिल्हा, आधार किंवा रेशनकार्ड पाहून लस नाकारायची नसते. जे बालक सत्राच्या जागी आले, त्याच्या वयाप्रमाणे राहिलेली प्रत्येक लस त्याला त्याच जागी द्यायची असते. कार्ड हरवले असले तरीही परत पाठवायचे नाही, नवे कार्ड करून द्यायचे.

तरीही असे का घडते, हे तुम्हाला ठाऊक असावे, म्हणजे पुढच्या वेळी नेमके कोणाशी काय बोलायचे ते कळेल. आशाताई आपल्या गावातल्या घरांचा सर्व्हे करते आणि त्यावरून सत्राची ड्यू लिस्ट, म्हणजे लस देय असलेल्या बालकांची यादी, तयार होते. कोपीला घर क्रमांक नसतो, आणि ज्या महिन्यात सर्व्हे झाला त्या महिन्यात तुमच्या ओढ्याकाठी उसाशिवाय काही नव्हते. जिथे टोळी उतरते ते तळ, वीटभट्ट्या, बांधकामाच्या जागा यांची नोंद सूक्ष्म कृती आराखड्यात 'जोखमीचे भाग' म्हणून वेगळी करायची असते, पण ती नोंद कोणीतरी जाऊन पाहिल्याशिवाय होत नाही. आणि यादीत जितकी बालके, त्या हिशेबानेच प्राथमिक आरोग्य केंद्रातून लस निघते.

यात गोवर-रुबेलाच्या लसीची अडचण आणखी वेगळी आहे. ती भुकटीच्या रूपात येते आणि अनेक ठिकाणी एका व्हायलमध्ये, म्हणजे कुपीत, दहा डोस असतात. सोबतचे द्रावण मिसळले की चार तासांत ती वापरायची किंवा टाकून द्यायची, कारण त्यात जंतूंची वाढ रोखणारे औषध नसते. पेंटाव्हॅलंटची (पाच आजारांवरच्या एकत्रित लसीची) उघडलेली व्हायल नियम पाळून २८ दिवसांपर्यंत पुढच्या सत्रात वापरता येते, हिची येत नाही. म्हणून समोर एकच बालक असेल तर नऊ डोस वाया जातील, या धास्तीने सेविकेचा हात थबकतो. वास्तविक धोरण असे आहे की एका बालकासाठीही व्हायल उघडावी. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका वीटभट्टीवरच्या बाळाला "पुढच्या महिन्यात आणा, तोवर चार बालके जमतील" असे सांगून परत पाठवले होते. पुढच्या महिन्यात भट्टी थंड झाली होती आणि ते कुटुंब कुठे गेले हे सांगणारे तिथे कोणी नव्हते. ही खंत अजून जात नाही. वाया गेलेल्या नऊ डोसांची मला कधी आठवणसुद्धा येत नाही, ते बाळ मात्र आठवते.

आता चुकलेल्या डोसांविषयी. पहिल्यापासून सुरुवात कधीही करायची नाही. जिथे थांबले तिथून पुढे जायचे आणि दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे ठेवायचे. पाच महिन्यांच्या मुलीला उद्या सत्र असेल तर उद्याच अडीच महिन्यांच्या लसी द्याव्यात आणि चार आठवड्यांनी पुढच्या. दहा महिन्यांच्या बाळाला गोवर-रुबेलाचा पहिला डोस आजच देय आहे. तो वर्षाच्या आत मिळणे उत्तम, पण राहिलाच तर पाच वर्षांपर्यंत देता येतो. त्याच भेटीत पोलिओचे इंजेक्शन, न्यूमोकोकलचा बूस्टर आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस यांचीही वेळ झालेली आहे, तेही मागून घ्या. बीसीजी राहिली असेल तर वर्षापर्यंत आणि तोंडावाटे पोलिओ पाच वर्षांपर्यंत देता येतो. पेंटाव्हॅलंटचा एकही डोस न मिळता मूल वर्षाचे झाले असेल, तर पुढे त्याला सात वर्षांपर्यंत त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची लस) देतात. साधी सर्दी, खोकला, किरकोळ ताप किंवा जुलाब ही लस टाळण्याची कारणे नाहीत. हे आमच्यातल्याही अनेकांना ठामपणे सांगावे लागते.

तुम्ही थेट प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. सोबत तळावरच्या पाच वर्षांखालील मुलांची यादी न्या, त्यात नाव, आईचे नाव, वय आणि शेवटची लस एवढे चार रकाने पुरेत. ज्या दिवशी तुमच्या हातात यादी असेल त्या दिवशी ही मुले "यादीत नाहीत" असे कोणाला म्हणता येणार नाही.

---

टायरगाडी

मी बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातला. आईवडिलांनी बावीस हंगाम ऊस तोडला आणि मीही दहावीपर्यंत दर वर्षी दिवाळीनंतरचे पाच महिने कोपीत काढले. आज मी नोकरीला आहे, पण हा प्रश्न वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही.

ताई, ज्यांना महत्त्व कळत नाही असे म्हटले जाते त्यांचा दिवस कसा जातो हे आधी पाहावे. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेताना नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. त्यातले एक माणूस थांबले की दुसरे एकटे मोळ्या बांधू शकत नाही, म्हणजे एका माणसाचा खाडा हा पूर्ण कोयत्याचा खाडा होतो. मजुरी टनावर मिळते. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात टनामागे २७३ रुपयांवरून ३६६ रुपये दर ठरला. ती वाढ मोठी होती, पण खाडा पडला की तेवढ्या टनांचे पैसे बुडतात आणि वर दंडही उचलीत चढतो. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे, त्याच्याच अटींवर यावे लागते. गाडी भरून कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली की तिथे रात्र जाते. असे असताना मंगळवारी सकाळी दहाला अंगणवाडीत या, असे त्या बाईला सांगणे म्हणजे तिला एका दिवसाची मजुरी आणि मुकादमाची बोलणी यांच्या बदल्यात लस घ्यायला सांगणे आहे. आणि ही लस आम्ही फुकट म्हणतो.

दुसरी गोष्ट तापाची. पेंटाव्हॅलंट दिल्यावर एखादा दिवस ताप येतो, मांडी दुखते, मूल किरकिर करते. गावात असताना आजी असते, चुलती असते, मूल मांडीवर घेऊन बसायला कोणी ना कोणी असते. फडावर मूल पाचटाच्या गादीवर, गाडीच्या सावलीत नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ असते. तापलेल्या मुलाला तिथे ठेवून आईचा कोयता चालत नाही. माझी आई लसीला कधीच नाही म्हणाली नाही. ती म्हणायची, "गावाकडं गेल्यावर देऊ." तिच्या दृष्टीने ती लस पुढे ढकलत होती, नाकारत नव्हती.

यात कॅलेंडरचाही एक हिशेब आहे, तो कृपया कोणीतरी आरोग्य खात्यापर्यंत न्यावा. आमच्याकडची पुष्कळ बाळंतपणे पावसाळ्यात, म्हणजे माणूस गावात असताना होतात. जूनमध्ये जन्मलेल्या मुलाच्या साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी दिवाळीच्या आत होऊन जातात, पण त्याचा नववा महिना मार्चमध्ये, ऐन फडात भरतो. सप्टेंबरात जन्मलेल्या मुलाची दीड महिन्याची लस निघायच्या गडबडीत होते आणि अडीच व साडेतीन महिन्यांच्या लसी थेट कारखान्यावर येतात. सोळा ते चोवीस महिन्यांमधला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर घ्यायला पट्टा पडल्यावरचे, म्हणजे हंगाम संपल्यावरचे, एप्रिल-मे हाती राहतात, पण तेव्हा लग्नसराई असते, माणसे माहेरी-सासरी फिरत असतात आणि आशाताईच्या वहीत आमच्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा आधीच पडलेला असतो. एकदा तो शेरा पडला की परत आलेले घर कोणी पुन्हा तपासत नाही.

माझ्या धाकट्या भावाला एका हंगामात गोवर निघाला होता. कोपीत अंधार करून, दाराला कडुनिंबाचा पाला बांधून आईने त्याला सात दिवस ठेवले. अंगाला पाणी लावायचे नाही, फोडणी द्यायची नाही, हे सगळे तिने पाळले. आठव्या दिवशी त्याचा श्वास लागला, तेव्हा काट्यावरून परत येणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याने रात्री अकराला त्याला तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचवले. तो वाचला. त्याच तळावरची पलीकडच्या कोपीतली दोन वर्षांची मुलगी वाचली नाही. तिच्या आईवडिलांनी तिसऱ्या दिवशी पुन्हा कोयता हातात घेतला, कारण उचल होती.

---

रोखठोक

भावना समजल्या, पण प्रत्येक गोष्ट शासनाने दारात आणून द्यायची का? लसीचे कार्ड पूर्ण नसेल तर रेशन थांबवावे. एका हंगामात सगळी मुले रांगेत उभी राहतील.

---

सातपुडा

रोखठोक यांना: ज्या मुलाला अंगणवाडीच्या दारातून परत पाठवले, त्याचेच रेशन आपण बंद करणार. आणि रेशन हंगामात गावाकडेच राहते, ते इथे उचलता यावे म्हणूनच ही माणसे धडपडत असतात. भुकेने अशक्त झालेल्या मुलाला गोवर झाला तर तो अधिक जिवावर बेततो. सक्तीचा विचार बाजूला ठेवावा, ही विनंती.

मूळ प्रश्नाकडे येतो. मी नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुवा भागात एका सामाजिक कामाशी जोडलेला आहे. टायरगाडी यांनी लिहिले त्यातला शब्द न् शब्द मला पटतो, परंतु आमच्याकडचे चित्र थोडे निराळे आहे आणि तेही इथे नोंदले जावे, कारण सगळीकडे केवळ वेळ आणि मजुरी हीच अडचण असते असे नाही.

डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, सपाटीवर ५,०००, असा निकष आहे. कागदावर हे झुकते माप दिसते. पण आमचा पाडा म्हणजे एका टेकडीवर चार घरे आणि दुसऱ्या टेकडीवर तीन. ३,००० माणसे किती टेकड्यांवर पसरली आहेत, हे निकषाला माहीत नसते. सरदार सरोवराचे पाणी भरल्यापासून नर्मदाकाठच्या मणिबेली, चिमलखेडी अशा गावांकडे जायचा रस्ता म्हणजे पाणीच, आणि तिथे तरंगता दवाखाना बोटीतून जातो. बोट बिघडली, डिझेल नसले किंवा वारा सुटला की त्या दिवशीचे सत्र होत नाही. मंगळवार गेला की पुढचा मंगळवार महिन्याने येतो. सेविका व्हॅक्सिन कॅरियर खांद्याला लावून दोन-दोन तास चढते, आणि वर पोहोचल्यावर घराला कडी असते, कारण घरातली माणसे शेतात किंवा गुजरातमध्ये उसाला गेलेली असतात. त्या बाईच्या कष्टांना मी कमी लेखत नाही.

भीती मात्र आमच्याकडे खरी आहे. एका पाड्यावर लस दिल्यानंतर आठवड्याने एक मूल दगावले. त्याला आधीपासून न्यूमोनिया होता, असे डॉक्टरांचे म्हणणे होते आणि ते खरे असावे, पण ते पाड्यावर येऊन, पावरी बोलीत, त्या मुलाच्या आजीसमोर बसून कोणी सांगितले नाही. त्यानंतर दोन वर्षे त्या पाड्यावर सेविका दिसली की बाया मुले घेऊन रानात जात. हे बदलले ते एका साध्या गोष्टीने. नवी आलेली सेविका लस दिल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात जाऊ लागली. तापाचे औषध दिले का, मांडीची गाठ उतरली का, मूल दूध पिते का, एवढेच विचारायची. पुढे तिने पाड्यावरच्या बडव्याच्या (भगताच्या) नातवाला लस दिली, ती बडव्याच्याच ओट्यावर, सगळ्यांदेखत. एखाद्या पोस्टरने हे साधले नसते. आमच्याकडे पोस्टर प्रमाण मराठीत असते आणि आजीला पावरी येते.

वेळेबाबत आमचा अनुभव असा की दिनदर्शिका शासनाची न ठेवता लोकांची ठेवावी. सातपुड्यातला माणूस कुठेही कामाला गेलेला असो, होळीला परत येतो. होळीआधी भोंगऱ्याचा बाजार भरतो, त्याला सगळे कुटुंब नटून उतरते. बाजाराच्या कडेला लसीची टेबले मांडली, तर एरवी वर्षभर न दिसणारी मुले एका दिवसात दिसतात. तुमच्या तळालाही असा एखादा दिवस असेलच. तो शोधा.

नोंदीची एक अडचण जाता जाता सांगतो. गुजरातमध्ये कोणी लस दिली तर तिथले कार्ड गुजरातीत असते आणि इथे ते कोणी वाचत नाही. यू-विन या प्रणालीचा हेतूच असा आहे की कुठेही दिलेला डोस दुसरीकडे दिसावा, पण नोंदणीच्या वेळी दिलेला मोबाइल मुकादमाचा किंवा कोणा भावाचा असतो आणि बाळाचे नाव अजून ठेवलेले नसते. पुढे नाव वेगळे, मोबाइल वेगळा, आणि त्याच मुलाची दुसरी नोंद तयार होते. म्हणून पेटीतले ते विरलेले कार्ड फार मोलाचे आहे. त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

---

ग्रामीण रुग्णालय

मी वैद्यकीय अधिकारी आहे. वर बरेच नेमके लिहून झाले आहे, त्यामुळे फक्त राहिलेले मुद्दे मांडतो.

गोवराकडे मी इतका भर का देतो ते सांगतो. संरक्षण नसलेल्या लोकवस्तीत गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना लागण करतो. इतक्या वेगाने पसरणारे आजार फार थोडे आहेत. त्याची साखळी तोडायला ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. जिल्ह्याची सरासरी चांगली असूनही एखाद्या तळावरच्या वीस मुलांपैकी बारा मुले बिनलसीची असू शकतात, आणि विषाणू सरासरीत राहत नाही, तळावर राहतो. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबई, भिवंडी आणि मालेगावात गोवराचा उद्रेक झाला तेव्हा दाट वस्तीची चर्चा झाली. कोप्यांची रांगही दाटच असते, आणि तिथली मुले हंगामात तीन तालुके बदलतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १२ ते २३ महिने वयाच्या पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ६२ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ७६.४ टक्क्यांवर गेले. ही प्रगती खरी आहे. उरलेल्यांत मोठा वाटा अशाच मुलांचा आहे, असे माझे काम मला सांगते.

तळावर कोणा मुलाला ताप, पुरळ आणि लाल डोळे दिसले तर त्याच दिवशी कळवा. संपर्कातल्या मुलांना ७२ तासांच्या आत लस मिळाली तर आजार टळू शकतो. ज्याला गोवर झाला आहे त्याला लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्वाचा डोस द्यावाच लागतो, त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचतात. अंधाऱ्या कोपीत सात दिवस जाऊ देऊ नका. कडुनिंबाचा पाला बांधू द्या, त्यावरून वाद घालण्यात वेळ घालवू नका, पण मूल दवाखान्यात आणा.

आईला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, कारण ती बहुधा कोणी सांगत नाही. पेंटाव्हॅलंटचा ताप पहिल्या एक-दोन दिवसांत येतो. गोवर-रुबेलाच्या लसीनंतर मात्र काही मुलांना साधारण सहा ते बारा दिवसांनी सौम्य ताप आणि थोडे पुरळ येते. आधी सांगितले नसेल तर तिला वाटते की लसीनेच गोवर आणला, आणि ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सगळ्या तळावर जाते.

आई फडावरून परतल्यावर, संध्याकाळी सत्र घेण्याविषयी. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते, आणि नीट तयार केलेले चार आइसपॅक घातलेला कॅरियर संध्याकाळपर्यंत ते सहज साधतो. अडचण माणसांची आहे. सकाळी नऊपासून काम करणाऱ्या सेविकेने सहाला तळावर जायचे, लस दिल्यावर प्रत्येक मुलाला अर्धा तास थांबवायचे आणि अंधारात एकटीने परतायचे, हे सहज मागण्यासारखे नाही. म्हणून गाडी आणि सोबत यांची व्यवस्था आधी करा, मग वेळ मागा. पोलिओच्या काळात आपण हे केलेले आहे. बिहारमध्ये कोसीच्या पुराच्या पट्ट्यात, उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात, वीटभट्ट्यांवर, बसस्थानकांवर आणि चालत्या रेल्वेगाड्यांत पथके गेली, फिरत्या कुटुंबांच्या जागा एकेक करून नकाशावर आल्या. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. तेव्हा थेंब कोणीही प्रशिक्षित स्वयंसेवक देऊ शकत होता आणि आज सुईला सेविकाच लागते, एवढा फरक आहे. जागांचे नकाशे करण्याचे काम मात्र तेच आहे, आणि ऊस कुठे तुटणार हे कारखान्याच्या शेतकी विभागाला आठवडाभर आधी माहीत असते. तो कागद प्राथमिक आरोग्य केंद्राला मिळाला पाहिजे.

---

कोपीवरचा वर्ग

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांत जे झाले ते लिहिते.

मी आणि वर्गातल्या दोन मोठ्या मुलांनी यादी केली. पाच वर्षांखालची १९ मुले निघाली. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ती यादी शांतपणे वाचली आणि तळाचे नाव आराखड्यात घालायला लगेच सांगितले. दिवसाचे उत्तर 'सातपुडा' यांच्या सल्ल्यातून मिळाले. मुकादम दर गुरुवारी खर्ची (आठवड्याच्या खर्चाचे पैसे) देतो आणि त्या दिवशी बाया बाजाराला जायच्या म्हणून गाडी लवकर भरतात. साडेपाचला सगळ्या तळावर असतात. सेविकाताईंना आणायला आणि सोडायला इथल्या एका शेतकऱ्याने आपली जीप दिली, त्यांची पत्नी सोबत थांबली. कारखान्याच्या एका फील्डमनने फिरत्या टोळ्यांची माहिती द्यायचे कबूल केले आहे. मुकादमाशी बोलायला मला भीती वाटत होती. त्याने फक्त एवढेच विचारले की याने खाडा पडणार नाही ना. नाही म्हटल्यावर त्यानेच कोपी-कोपीवर निरोप दिला.

गुरुवारी गॅसबत्तीच्या उजेडात १४ मुलांना लस मिळाली. गोवर-रुबेलाची व्हायल उघडताना सेविकाताईंनी वर वेळ लिहिली, सहा वाजून दहा मिनिटे. दहा महिन्यांच्या त्या बाळाला बाही वर करून आईनेच धरले. त्याची बहीण शेजारी उभी राहून त्याच्याइतकीच रडली. दुसऱ्या दिवशी पहाटे फडावर जाण्याआधी आणि संध्याकाळी पुन्हा, अशी मी प्रत्येक कोपीला जाऊन आले. तिघांना ताप होता, औषध आधीच दिलेले होते. सहाव्या ते बाराव्या दिवसांत काय होऊ शकते, हे मी प्रत्येक आईला दोनदा सांगितले आहे आणि तेव्हाही रोज जाणार आहे.

पाच महिन्यांच्या मुलीला दुसरा डोस मिळाला. तिसरा चार आठवड्यांनी देय आहे, आणि इथेच मला पुन्हा तुमची मदत हवी आहे. तिची टोळी इथला ऊस संपवून परवा सीमेपलीकडे कर्नाटकात, चिकोडी-रायबागकडच्या पट्ट्यात जात आहे. यादीतल्या ज्या पाच मुलांना त्या गुरुवारी ताप किंवा बाजार यामुळे येता आले नाही, त्यांपैकी दोघे त्याच टोळीत आहेत. 'उपकेंद्राची वाट' यांनी सांगितल्याप्रमाणे तापाने खरे तर अडायला नको होते, पण त्या आयांना मी वेळेवर गाठू शकले नाही. तिघांच्याही कार्डांचे फोटो माझ्याकडे आहेत, आयांनी ते दाखवायला परवानगी दिली आहे आणि टोळीतल्या एका मुलाचा चालू असलेला मोबाइल नंबरही आहे. त्या भागातली कोणी आरोग्य सेविका, आशाताई किंवा शिक्षक ही चर्चा वाचत असतील, तर कृपया मला निरोप पाठवावा. टोळी कोणत्या गावाच्या शिवारात उतरली ते मी त्याच दिवशी कळवीन.